मान हलली म्हणजे हलली

साऱ्या परभणी जिल्ह्यात झोपेच्या बाबतीत आमच्या साडूंच्या पंगतीला बसेल असा माणूस झाला नाही. हे मी साडू म्हणून सांगत नाही. साडवांना एकमेकांचं कौतुक करायची सवय नसतेच. माझी बायको धाकटी आणि अक्का तिची थोरली बहीण, म्हणून ते थोरले साडू आणि मी धाकटा. सासुरवाडीला मानाचं पहिलं ताट कायम त्यांच्याकडं सरकायचं. ताट संपलं की हात धुवायच्या आत, तिथंच भिंतीला टेकून, त्यांचा डोळा लागलेला असायचा. मी पालमला शाळामास्तर. पोरांना झोप आणण्यात मीही कमी नव्हतो, पण बसल्या जागी, उभ्या जागी, आणि एकदा तर स्वतःच सांगत असलेल्या विनोदाच्या ऐन मध्यावर झोपी गेलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. जाग आल्यावर त्यांनी तो विनोद जिथं सोडला होता तिथून पुढं सांगितला. आम्ही हसलोही, कारण आम्ही सगळे थांबून राहिलो होतो.

घोरणं तर त्याहून वरचं. मानवतला मोंढ्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं, आणि गल्लीतले लोक पाहुण्याला पत्ता सांगताना झाडाची किंवा देवळाची खूण देत नसत. दुपारच्याला आलात तर कानानंच जा, म्हणत. आधी पिठाची गिरणी सुरू व्हावी तशी घरघर, मग ती चढत चढत पत्र्यापर्यंत, आणि मग एकदम सगळं गप्प. ऐकणारा मान वर करून वाट बघायचा. थोड्या वेळानं असा एक हुंदका यायचा की ओसरीवरची चिमणी उडून जायची, आणि गिरणी पुन्हा चालू. घरात ह्या गोष्टीचा केवढा अभिमान! त्यांची आई म्हणायची, खाऊनपिऊन सुखी घरचा माणूस असाच घोरत असतो. आमच्या सासऱ्यांनाही जावई आपल्या घरी मोकळेपणानं घोरतो ह्याचं फार समाधान वाटे. मला घोरता येत नसल्यामुळे सासुरवाडीत माझी किंमत जराशी कमीच होती.

धंदा धान्य खरेदीचा. मोंढ्यात म्हणजे धान्याच्या बाजारात सकाळी हर्रास सुरू व्हायची. आडत्या एकेका ढिगाजवळ उभा राहून भाव पुकारायचा आणि खरीददार भोवती उभे राहायचे. ह्या लिलावात तोंडापेक्षा मानेचं काम जास्त. ज्याची मान हलली त्यानं भाव वाढवला, शेवटी ज्याची हलली त्याचा माल. मान हलवून नंतर नाही म्हणणाऱ्याला मोंढ्यात कुणी पुन्हा उभं करत नसे. आता अशा जागी आमच्या साडूंसारखा डुलक्या घेणारा माणूस पोत्याला टेकून बसला की काय होणार ते सांगायला नको. डोळे मिटायचे, हनुवटी छातीवर आपटायची, दचकून वर यायची आणि आडत्या ओरडायचा, ‘मालकांची मान!’ एकदा ते जागे झाले तेव्हा करडईच्या एका अशा ढिगाचे मालक झाले होते की त्याला पाखरंसुद्धा तोंड लावेनात. त्यांचा मुनीम कळवळून म्हणाला, ‘मालक, तुमी झोपला व्हता. सगळ्यांनी बघितलंय. सांगून टाका की तसं.’

साडूंनी डोळे चोळले. ‘मान कुणाची हलली?’

‘तुमचीच.’

‘मग सौदा मपलाच. झोपली तरी मान मपलीच हाय ना?’

आणि ती करडई त्यांनी उचलली. मोंढ्यातली माणसं त्यांच्या झोपेला हसायची, पण त्यांच्या शब्दाला कधी कुणी हसलं नाही. मला ह्या माणसाचा अभिमान वाटायला लागला तो तेव्हापासून.

ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे होते. ज्यांची एकमेकांच्या ओसरीवर बैठक होती ती माणसं आता समोरच्याचं आडनाव आठवून मग रामराम करू लागली होती. त्याच दिवसांत साळवे नावाचे एक विमा एजंट मोंढ्यात सायकलवरून फिरायचे. चाळिशीचे, बोलायला सावकाश, बौद्धवाड्यातले. त्यांच्याकडं एक नवीनच विमा होता. मेल्यावरचा विमा लोकांना माहीत होता. साळवे सांगत होते तो जिवंतपणी दवाखान्यात पडल्यावरचा, आणि तोही खाजगी दवाखान्याचा खर्च भरून देणारा. दुखण्याला घरचं आवतण कशाला द्यायचं, म्हणून सगळे त्यांना वाटेला लावत. साळवे साडूंच्या दुकानात गादीवर आले आणि त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं समजावलं. साडू ऐकत होते. निदान साळव्यांना तसं वाटलं. मान एकदा हलली, दोनदा हलली, तिसऱ्यांदा तर पार छातीला टेकली. इतकं समजूतदार गिऱ्हाईक आयुष्यात भेटलं नव्हतं, म्हणून साळव्यांनी आनंदानं बॅग उघडली.

साडू जागे झाले तोवर शेजारच्या गादीवरचे शेठ मजा बघायला येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, ‘झोपंतली मान ती, सोडून द्या. अन् हलली ती कुणापुढं, ते तर बघा.’

साळव्यांनी बॅग मिटायला घेतली. साडूंनी तिच्यावर हात ठेवला. ‘ढीग कुणाच्या शेतातला हाय ते इचारून आजवर मपली मान हलली न्हाई शेठ. आता माणूस इचारून हलवू काय? काढा साळवे. मपला बी काढा अन् बायकूचा बी काढा.’

ही गोष्ट साळव्यांनी मला किती वेळा सांगितली असेल त्याला गणती नाही, आणि दर वेळी ती सांगताना ते चष्मा पुसायचे.

पुढं वर्षा-दीड वर्षानं सोनपेठला नात्यात लग्न होतं. वऱ्हाड शाळेत उतरलेलं. जेवणं झाली, उन्हाच्या झळा मारत होत्या, आणि वर्गाच्या फरशीवर साडूंनी आपली गिरणी सुरू केली. पलीकडं पत्ते खेळणारे पत्ते हातात धरून ऐकत बसले. नव्या पाहुण्यांना ते दाखवायला आमचीच माणसं घेऊन येत होती. अक्का नेहमीप्रमाणे त्यांच्या पायथ्याशी, त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा मुठीत धरून बसली होती. ही तिची जुनी सवय. बायका तिला चिडवायच्या, म्हातारपण आलं तरी नवऱ्याचा अंगठा सुटंना गं तुझा. मीही चिडवायचो.

घोरणं थांबलं. सगळ्यांनी माना वर केल्या, आता हुंदका येणार म्हणून. तो येईना. अक्कानं अंगठा दाबला. पुन्हा दाबला, चिमटा काढला. साडूंचा चेहरा काळवंडत चालला होता, ओठ निळे पडले होते. अक्का उठली आणि साऱ्या व्याह्या-विहिणींसमोर तिनं नवऱ्याच्या मुस्काटात एक सणसणीत ठेवून दिली. साडूंनी मोठ्यानं श्वास ओढला, ताडकन उठून बसले आणि म्हणाले, ‘कितीला गेला?’

वर्ग हसून हसून लोळला. अक्का मात्र भिंतीकडं तोंड करून रडत होती. मी जवळ गेलो तेव्हा ती माझ्यावरच उसळली. ‘हसा गुरुजी, तुमी बी हसा. घोरण्याला मी भेत न्हाई. ते थांबतंय ना, त्याला भेते. श्वासच थांबतोय ह्यांचा. अंगठा दाबला की माघारी येतोय. किती वर्सं झाली, मी आडवी हुते, पण झोपत न्हाई. मला डोळा लागला अन् हातातून अंगठा सुटला, तर?’

आम्ही ज्याला संसाराचं सुख म्हणत होतो ते ती एकटी पहारा देऊन टिकवत होती.

साडूंना दवाखान्यात न्यायला आणखी आठवडा गेला. ‘झोपंसाठी दवाखाना?’ ते म्हणायचे. ‘मोंढ्यात तोंड दाखवू कसं?’ परभणीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नीट तपासलं, छातीचा आलेख काढला, तो ठीक होता. ते म्हणाले, झोपेत काय होतं ते झोपेतच बघायला हवं आणि ती सोय इथं नाही. मोठ्या ठिकाणी चिठ्ठी देतो, पण नंबर लागायला अडीच-तीन महिने जातील. साडूंना आनंद झाला. अक्का दवाखान्याच्या पायरीवरच बसली. ‘तीन महिने,’ ती म्हणाली. ‘तवर मी जागायलेच म्हणा की.’

मी तसाच मानवतला साळव्यांकडं गेलो. ते ऐकता ऐकताच उठले. ‘अहो गुरुजी, पॉलिसी हाय की त्यांची! हैदराबादला खाजगीत दाखवू. नंबरची भानगड न्हाई, खर्च मागनं भरून मिळतो. चला.’ त्यांनी फोनवरून चौकशी केली तर त्याच आठवड्यात खाट मिळत होती. उरले साडू. ते काही केल्या तयार होईनात. शेवटी अक्कानं त्यांना त्यांच्याच भाषेत विचारलं, ‘मान हलवून घेतलेला माल कोपऱ्यात पडून किडू द्यायचा का?’ साडूंनी पिशवी भरली.

परभणीहून रेल्वेनं आम्ही चौघं निघालो. साळवे आपला धंदा बाजूला ठेवून आले होते. हैदराबादच्या दवाखान्यात साडूंच्या डोक्याला, छातीला, नाकाजवळ तारा चिकटवल्या तेव्हा ते नवरदेवासारखे खूश दिसत होते. अक्का सवयीनं पायथ्याशी बसायला गेली. तिथली नर्स म्हणाली, ‘अम्मा, आप सो जाओ. आज हम देखते ना.’ अक्का तिच्याकडं बघतच राहिली. असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर ती जराशी टेकली.

सकाळी मी आलो तेव्हा साडूंच्या तारा निघाल्या होत्या, चहा झाला होता, आणि ते बाकाजवळ खाली फरशीवर बसले होते. बाकावर अक्का झोपली होती. बादल्या वाजत होत्या, माणसं ये-जा करत होती, डॉक्टर येऊन गेले, तरी ती हलली नाही. झाडूवाली बाक सरकवायला आली तर साडूंनी दोन्ही हात आडवे केले. ‘कुणी उठवू नका तिला,’ ते म्हणाले. ‘लय वर्सांची झोप हाय.’ त्यांचे डोळे भरून आले होते.

डॉक्टरांनी सांगितलं ते आम्हाला पहिल्यांदाच कळत होतं. घशातल्या वाढलेल्या गाठींनी वाट अडवली होती. झोप लागली की घसा मिटायचा, श्वास बंद पडायचा, जीव घाबरून जागा व्हायचा, रात्रभर हेच. म्हणून दिवसा डुलक्या. असंच चालत राहिलं असतं तर पुढं हृदय टिकलं नसतं. गाठी तिथंच काढल्या. वजन उतरवा, उताणे झोपू नका, असं बजावलं. अक्कानं मानवतला आल्या आल्या त्यांच्या बंडीला पाठीवर खिसा शिवला आणि त्यात चिंध्यांचा चेंडू घातला, म्हणजे उताणं झाले की टोचेल. साडू मोंढ्यात बंडी वर करून तो चेंडू सगळ्यांना दाखवत. ‘डॉक्टर म्हणला, असं घोरणं सगळ्या निजामाच्या मुलखात ऐकलं न्हाई,’ असंही ठोकून देत. साळव्यांच्या बॅगेला पुढं उसंत मिळाली नाही. शेजारच्या शेठनींही मान हलवली, आणि ती उघड्या डोळ्यांनी.

गल्ली मात्र मुकी झाली. दुपारी आलेले पाहुणे दारं चुकू लागले. हर्राशीत साडू टक्क जागे राहायचे आणि निवडक माल घ्यायचे. वाईट करडई खपवायची कुठं, ह्या विचारानं आडते हळहळायचे. अक्काला सुरुवातीला त्या शांततेची भीती वाटायची, अंगठा धरायची सवय जाईना. मग हळूहळू तीही झोपायला शिकली. चेहऱ्यावर तेज आलं तिच्या.

अक्का आता नाही. तापाचं निमित्त झालं. ज्याच्यासाठी जागली तो मागं राहिला आणि ती पुढं गेली. त्यानंतरच्या हिवाळ्यात मी मानवतला गेलो होतो. दुपारची जेवणं झाल्यावर साडू कुशीवर झोपले होते, श्वास एकसारखा चालला होता. अंगावर तिनं शिवलेली वाकळ, पण उजवा पाय तेवढा बाहेर. थंडी फार होती, म्हणून मी वाकळ ओढून पाय झाकला. त्यांनी डोळे न उघडता तो पुन्हा बाहेर काढला.

‘झाकू नका गुरुजी,’ ते म्हणाले. ‘तिला सापडायचा न्हाई.’

थोड्या वेळानं त्यांचा डोळा पुन्हा लागला, तेव्हा मी पायथ्याशी सरकलो आणि तो गार पडलेला अंगठा मुठीत धरून बसलो.