पिण्यायोग्य: होय

जया आडे ओठ मिटून हसते. आर्णीकडच्या तिच्या तांड्यावर तिच्या वयाच्या बऱ्याच पोरापोरींची हीच सवय. लहानपणी सगळे शाळेजवळच्या हापशीचं पाणी प्याले. त्यात फ्लोराईड निघालं. दुधाचे दात पडून नवे आले ते तपकिरी पट्टे घेऊनच. पुढे सरकारी माणसं आली, पाणी तपासलं आणि हापशीला लाल रंग फासून गेली. तांड्याला नळ आला. हापशी उरली ती धुणं धुवायला आणि ढोरांना पाणी पाजायला.

बी.एस्सी. झाल्यावर जयाला यवतमाळात काम लागलं. मोबाइलच्या दुकानावर छोटंसं ऑफिस, तिथं बसून नकाशाची माहिती तपासायची. नकाशावरच्या प्रत्येक ठिकाणाला टॅग असतात: नाव काय, रस्ता कच्चा की पक्का, विहीर की हापशी. एक सॉफ्टवेअर ते टॅग चाळतं आणि जिथं काही राहिलंय तिथं पिवळी खूण करतं. रकाना भरला की खूण हिरवी होते. भरलेलं खरं आहे की नाही, ते त्याला कळत नाही. ते पाहायला जया होती.

आधी ती फार जपून काम करायची. एखाद्या पुलाची शंका आली तर त्या गावच्या ग्रामपंचायतीत फोन लावायची. शेजारचा अमर म्हणायचा, "अवं जया, एवढं कोन पाहून राह्यलं?"

मग हापशांचं काम आलं. 'पिण्यायोग्य' हा रकाना जवळपास सगळ्यांचा रिकामा. होय, नाही किंवा माहीत नाही, यातलं एक लिहायचं. पण 'माहीत नाही' लिहिलं की पिवळी खूण जागची हलायची नाही. जयानं काही फोन केले. कुणी उचलला नाही, कुणी उद्या सांगतो म्हणालं. ऑफिसची प्रमुख समीक्षा दोनदा येऊन विचारून गेली. शेवटी जयानं सगळ्या हापशा एकदम निवडल्या आणि 'होय' करून टाकलं. पडदा हिरवागार झाला.

आपल्या तांड्याची हापशी त्यात असेल हे तिच्या मनात आलं नाही, असं नाही. आलं. पण ती एक वेगळी काढली असती तर बाकीच्यांचं काय, हा प्रश्न मागोमाग आला असता. म्हणून तिनं तो विचार तिथंच दाबला.

"जयाचं पाहा, एक पिवळं नाही," समीक्षा सगळ्यांसमोर म्हणाली. त्या दिवशी जयाला बरं वाटलं होतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत ती घरी आली. फाट्यावर उतरून चालत निघाली, तर शाळेजवळ हिरव्या कापडाच्या झोपड्या दिसल्या. रस्त्याच्या कामावर महागावकडची माणसं आली होती. चुलीपाशी बसलेल्या एका बाईनं, रुपीबाईनं, तिला हाक मारली.

"ये पोरी, उन्हाची आली तू. पानी पे."

तिनं तांब्या पुढं केला. पलीकडं हापशीखाली तिची लहान नात ओंजळीनं पाणी पीत होती. हापशीवरचा लाल रंग केव्हाच उडून गेला होता.

जयाचा हात पुढं झालाच नाही. "मावशी, हे पेऊ नका. खराब आहे हे पानी. दात सडतात, हाडं धरतात."

मुकादम पूनमसिंग खाटेवरून उठला. "खराब कसं? साहेबानं मोबाइलात पाहूनच इथं मुक्काम टाकाले लावला. नकाशात पिन्याचं पानी म्हून लिवलं आहे."

जयाचे कान तापले. "नकाशात चुकलं असंल," ती म्हणाली.

"महिना होत आला, कोनी नाही सांगतलं," रुपीबाई म्हणाली. "तू देवासारखी आली." आणि तिनं जयाच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

त्या हाताखाली जया मान खाली घालून उभी राहिली.

घरी याडीनं, म्हणजे आईनं, भाकर वाढली. "मले वाटलं, ते धुन्याले नेतात पानी," ती म्हणाली. "तू बरं केलं सांगतलं."

सोमवारी तिनं समीक्षाला सगळं सांगितलं. समीक्षा म्हणाली, "सगळेच करतात गं असं. मनाला लावून घेऊ नको." ते ऐकून जयाला आणखीच मेल्यासारखं झालं. तिनं सगळ्या हापशांचं 'होय' काढून टाकलं. पडदा पुन्हा पिवळा झाला. मग ती एकेका गावाला फोन लावत बसली. त्या खुणा अजून सगळ्या गेलेल्या नाहीत, आणि ती घाईही करत नाही.

पण रुपीबाईची बोटं कानशिलावरून जाईनात. शनिवारी ती परत झोपड्यांवर गेली. आता टँकरनं पाणी येत होतं. रुपीबाई पीठ मळत होती, नात जयाला पाहून धावत आली आणि तिच्या ओढणीशी खेळू लागली.

"मावशी, ते नकाशातलं मीच लिवलं होतं."

रुपीबाईला आधी समजलं नाही. जयानं पुन्हा सांगितलं.

"तुले माहीत होतं, पानी खराब आहे म्हून?"

नाही म्हणता आलं असतं. "होतं," जया म्हणाली.

रुपीबाईनं पिठाचा हात परातीच्या काठावर निपटला. नातीला तिनं हाक मारली, "इकडं ये," आणि पोरगी ओढणी सोडून तिच्याजवळ जाऊन बसली. जया थोडा वेळ उभी राहिली. मग कुणी बस म्हणालं नाही, म्हणून निघाली.