बावन्नाव्या वर्षीचं हमीपत्र

आमच्या शाळेत मोबाईल जप्त झालेल्यांच्या यादीत सर्वांत वयस्कर नाव माझं आहे. वय वर्षे बावन्न, इयत्ता नववी ब. (शिकायला नव्हे, शिकवायला. पण यादीत तसा रकाना नाही.)

यादी ठेवण्याची कल्पना माझीच होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर शिक्षकांची बैठक झाली, विषय होता मुलांना शाळेत मोबाईल आणू द्यावा की नाही. निम्म्या शिक्षकांचं म्हणणं होतं की पोरी दोन-दोन रिक्षा बदलून येतात, घरच्यांना काळजी असते, दप्तरात बंद करून ठेवला तर काय बिघडतं? मुख्याध्यापिका देवरे मॅडमही त्याच बाजूला झुकल्या होत्या. तेवढ्यात मी उभा राहिलो आणि वीस मिनिटं बोललो. ओढणीखालचे इयरफोन, शर्टाच्या बाहीतून कानापर्यंत नेलेली वायर, भूमितीच्या तासाला डोळे मिटून गाणी ऐकणारी मुलं, देशाचं भवितव्य, सगळं काढलं. ठराव पास झाला. नियम लिहिण्याचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं आणि मी ते आनंदाने घेतलं.

खरं सांगायचं तर मुलांच्या एकाग्रतेशी मला एवढं काही देणंघेणं नव्हतं. मला फोन टाळायचे होते ते अण्णांचे.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय एकोणऐंशी, मुक्काम गंगापूर. गेल्या वर्षी आई गेली आणि घरात ते एकटे उरले. तेव्हापासून दिवसातून पाच-सहा वेळा त्यांचा फोन. काय जेवलास? इथं ढग आलेत, तिकडं आलेत का? तुझ्या आईची ती पितळी चाळणी कुठं असंल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नसायचं, आणि ते नाही हे सांगणं जिवावर यायचं. मग मी एक सोपा उपाय काढला. "अण्णा, वर्गात आहे. आमच्या शाळेत फोन चालत नाही," असं म्हणून ठेवून द्यायचो. तेव्हा शाळेत असा कुठलाही नियम नव्हता. रविवारी फोन आला तर जादा तास चालू आहे म्हणायचो. पुढे पुढे तर उचलेनासाच झालो. खोटं बोलणाऱ्याला नियमाचा आधार मिळणार असला की तो किती कळकळीने भाषण करतो, ते त्या बैठकीत सगळ्यांनी पाहिलं.

या फोनांमध्ये एक फोन कामाचा होता. अण्णांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. दवाखान्याने ऑपरेशनची तारीख दिली होती, सहीला जवळचा नातेवाईक हवा होता. "येशील का?" असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बघू, आत्ता वर्गात आहे. ती तारीख गेली. दुसरी तारीख मिळाल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही मी वर्गातच होतो. (त्या दिवशी रविवार होता.)

असो. नियम मात्र मी फार सुरेख लिहिले. पूर्वी पालकांना बोलावलं की मुलं कुणालाही धरून आणायची. कोपऱ्यावरच्या एका पानटपरीवाल्याने तीन वेगवेगळ्या आडनावांच्या मुलांचा सख्खा काका म्हणून सह्या ठोकल्या होत्या! म्हणून मी कलम घातलं: 'जप्त केलेला फोन पालकाने स्वतः येऊन, हमीपत्रावर सही करून न्यावा. पालक म्हणजे फक्त आई किंवा वडील. काका, मामा, शेजारी चालणार नाहीत.' त्याखाली आणखी एक: 'फोन पालकाच्याच हाती दिला जाईल व पाल्यास तो आठ दिवस मिळणार नाही.' हे सगळं नववी ब मध्ये वाचून दाखवलं तेव्हा पहिल्या बाकावरच्या आफरीनने हात वर केला. ही मुलगी गणितात हुशार आहे आणि इतर वेळी धोकादायक. तिने विचारलं, "सर, हे टीचर लोकांना पण लागू आहे का?"

अशा वेळी शहाणा माणूस खोकतो. मी खिशातून पेन काढलं आणि चाळीस मुलांच्या डोळ्यांदेखत कागदाच्या तळाशी लिहिलं, 'नियम वर्गात येणाऱ्या प्रत्येकास लागू.' टाळ्या पडल्या.

पुढच्याच आठवड्यात त्या टाळ्या फिटल्या. आफरीनचा फोन सकाळच्या प्रार्थनेत वाजला आणि मीच तो जप्तीच्या डब्यात टाकला. तिचे अब्बा शिवणकाम करतात, लग्नसराईत त्यांना मान वर करायला वेळ नसतो, परवाशिवाय येता येणार नाही असं ती म्हणाली. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. त्याच दिवशी तिसऱ्या तासाला मी फळ्यावर त्रिकोण काढत असताना टेबलावरच्या माझ्या पिशवीतून एक म्हातारा मोठ्याने बोलू लागला.

"हॅलो... हॅलो! आवाज येतोय का? कोन बोलतंय?"

इथे खुलासा करायला हवा. माझ्या मुलीने आजोबांचं फोनवरचं बोलणं गुपचूप टिपून तेच माझ्या मोबाईलची रिंगटोन करून ठेवलं होतं, फक्त अण्णांच्या नंबरासाठी. मला ते सोयीचंच होतं. फोनकडे न बघता कळायचं की उचलायचा नाही. त्या दिवशी मात्र मी तो बंद करायला विसरलो होतो.

"आवाज येतोय का?" अण्णांनी पिशवीतून पुन्हा विचारलं.

"येतोय, आजोबा," मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं. वर्ग इतका हसला की देवरे मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. मी गडबडीने पिशवीत हात घातला, तर आधी जेवणाचा डबा आला, मग छत्री आली, मग चष्म्याचं घर आलं. अण्णा हॅलो हॅलो करतच होते. आफरीन शांतपणे उठली आणि म्हणाली, "सर, डबा आणू?"

मॅडम भल्या बाई आहेत. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या की जाऊ द्या, शाळेची निम्मी सरकारी माहिती तुमच्या फोनवरून भरावी लागते. पण नववी ब माझ्याकडे बघत होती. मी हुतात्म्याच्या थाटात फोन डब्यात ठेवला. डबा मॅडमच्या कपाटात गेला. दुपारी हमीपत्रावर बायकोची सही चालेल का म्हणून विचारायला गेलो, तर मॅडमनी माझंच कलम माझ्यापुढे धरलं. आई किंवा वडील. आई तर नव्हतीच.

मी ठरवलं की अण्णांना काही सांगायचं नाही, फोनविनाच दिवस काढायचे. पण अण्णा थोडेच गप्प बसणार होते! दुसऱ्या दिवशी सकाळपासून मॅडमच्या कपाटातून म्हातारा विचारू लागला, आवाज येतोय का? शाळा तपासायला आलेले एक साहेब चहा पिता पिता दचकले आणि बशी सांडली. शेवटी मॅडमनी कपाट उघडून फोन उचलला. उचलला तो पंचवीस मिनिटं ठेवला नाही.

मग त्या स्टाफरूममध्ये आल्या. म्हणाल्या, "तुमचे वडील उद्या येताहेत. फार गोड बोलतात." जाता जाता दारात थांबल्या. "आणि सर, आपल्या शाळेत रविवारी जादा तास कोण घेतं?"

मी खडूचा डबा उघडून आत बघत राहिलो.

तिसऱ्या दिवशी अण्णा एसटीने आले. धुतलेलं धोतर, टोपी, हातात हरभऱ्याच्या डहाळ्यांची जुडी, मॅडमसाठी. ऑफिसबाहेरच्या बाकावर आफरीनचे अब्बाही आपल्या पाळीची वाट बघत होते. मी तास संपवून पोचलो तेव्हा दोघांच्या चांगल्या गप्पा जमल्या होत्या.

"माझी लेक नववीत आहे," अब्बा सांगत होते. "आपलं कोण?"

"माझा बी नववीतच हाये," अण्णा म्हणाले. "लई वर्षं झाली, वर जाईचना."

आत गेल्यावर अण्णांनी मॅडमना नमस्कार केला आणि चाळीस वर्षांपूर्वी विचारायचे तसं विचारलं की हा वागायला कसा आहे. मॅडम म्हणाल्या, तसा बरा आहे. मग हमीपत्र पुढे आलं. अण्णांनी ते डोळ्याजवळ नेलं, मग लांब धरलं, मग एक डोळा मिटून तिरकं करून पाहिलं. शेवटी कागद माझ्या हातात दिला. "तूच वाच. मला नुसतं धुरकट दिसतंय."

मी वाचू लागलो. माझा पाल्य अमुक याने वर्गात फोन वाजवून शिस्तभंग केला आहे. यापुढे मी त्याच्यावर लक्ष ठेवीन. पालक म्हणजे फक्त आई किंवा वडील. काका, मामा, शेजारी चालणार नाहीत. माझ्याच हातची वाक्यं, मलाच वाचून दाखवावी लागत होती.

"व्हय, शेजारी नाय चालत," अण्णा मॅडमना समजावून सांगू लागले. त्यांच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. "आमच्या दवाखान्यात बी तसंच हाये. मी शेजारच्या गफूरभाईला नेलं व्हतं सहीला. दोनदा नेलं. दोनदा परत पाठवलं. पोराला आना म्हनले. म्या म्हनलं, पोरगा वर्गात असतोय."

मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. मला त्या क्षणी फार लाज वाटली. माझ्या एका फोनसाठी हा माणूस अंधुक डोळ्याने एसटीची पाटी दुसऱ्याकडून वाचून घेऊन तिसऱ्या दिवशी सहीला हजर झाला होता. त्यांच्या डोळ्यासाठी मी दोन महिन्यांत एकदाही गेलो नव्हतो.

मॅडमनी बोट ठेवलं तिथे अण्णांनी सही केली. फोन नियमाप्रमाणे त्यांच्या हातात गेला. मी हात पुढे केला, तर त्यांनी तो बंडीच्या खिशात टाकून वरून गुंडी लावली.

"आठ दिवस नाय द्यायचा, आसंच लिव्हलंय ना?" ते मॅडमना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पुढच्या सोमवारी दवाखान्याची तारीख हाये. तवा सहीला ये अन् फोन घेऊन जा."

ते आठ दिवस अण्णांनी माझे सगळे फोन उचलले. एकही सोडला नाही. विद्यार्थ्यांच्या आया, बँकवाले, विमेवाले, सगळ्यांना त्यांनी आधी जेवलात का विचारलं. शिक्षण विभागातल्या एका साहेबाने तातडीने पटसंख्या मागितली, त्याला ज्वारीची हालहवाल मिळाली. माझ्या फोनवर इतकं आपुलकीने आजवर कोणी बोललं नव्हतं, असं नंतर दोघा-तिघांनी मला सांगितलं.

सोमवारी मी गंगापूरला गेलो आणि नातेवाईक म्हणून सही केली. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले की मोतीबिंदू फार पिकला होता, आत दाब वाढून नस दुखावली आहे. दिसेल, पण पहिल्यासारखं नाही. दोन महिने आधी का आणलं नाही? वर्गात होतो, हे उत्तर तोंडापर्यंत आलं होतं.

आत आलो तर अण्णा खाटेवर बसून नव्या डोळ्याने आपल्या फोनची बटणं न्याहाळत होते. त्यांनी बंडीची गुंडी काढून माझा फोन मला दिला. म्हणाले, थांब, दिसतंय का ते बघतो. एकेक बटण दाबत त्यांनी नंबर लावला. मी त्यांच्यापासून दोन हातांवरच बसलो होतो, आणि माझ्या हातातल्या फोनमधून अण्णा ओरडू लागले, हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?

मी उचलला. "बोला अण्णा."

त्यांनी फोन कानाला लावूनच माझ्याकडे पाहिलं. "वर्गात हायेस का?"

तेव्हा मला कळलं की त्यांना सगळं पहिल्यापासून माहीत होतं. रविवारसुद्धा. मी मान खाली घातली. तेवढ्यात आवाज ऐकून नर्सबाई आल्या, भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाल्या की इथे मोबाईल चालत नाही, आणि माझ्यापुढे हात पसरला.

"घ्या बाई, खुशाल घ्या," अण्णा म्हणाले. "त्याचा पालक हितंच हाये."

मी मुकाट्याने फोन काढून दिला.