खिशातला पाय

बसादीला मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर तिच्याजवळ उरल्या शेळ्या आणि मोदिसा. मोदिसा म्हणजे तिचा राखणदार कुत्रा. डोळे उघडले तेव्हापासून तो शेळ्यांतच वाढलेला, त्यामुळे स्वतःला अर्धी शेळीच समजायचा.

त्या हिवाळ्यात काटेरी कुंपणातून तरस आत शिरलं. मोदिसानं त्याला हुसकावलं, एकही शेळी जाऊ दिली नाही. पण त्याच्या पुढच्या पायाची कातडी मनगटापासून पंजापर्यंत सोलून निघाली.

"दुसरं पिल्लू आण की!" शेजारीण गालालेत्सांग म्हणाली. "कुत्र्यापायी कुठं माऊन शहरापर्यंत धावतेस?"

"तुझा नवरा लंगडायला लागला तेव्हा तू दुसरा आणलास का गं?" बसादी म्हणाली आणि मोदिसाला घोंगडीत गुंडाळून गाढवगाडीत चढली.

माऊनच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई सेआबेलो यांनी जखम धुऊन पाहिली.

"म्मा, इथं टाके घालायला कातडीच उरली नाही. पाय कापला तर लवकर सुटेल. नाहीतर बरगडीवरची कातडी सैल करून तिच्याखाली पाय शिवून ठेवायचा. तिथली कातडी पायाला धरली, की ती कापून पाय मोकळा करायचा."

"म्हणजे पाय खिशात?"

"खिशातच. पण ह्यानं ओढला तर सगळं मुसळ केरात."

"मी बसते ना त्याच्याजवळ."

आणि ती खरंच दवाखान्याच्या अंगणात मुक्काम ठोकून बसली. पोटाखाली फडक्याची झोळी धरून त्याला तीन पायांवर फिरवायची, आंबट दुधात कालवलेली लापशी हातानं भरवायची. सगळं सुरळीत चाललं होतं. पण एके दुपारी भिंतीपलीकडं कुणाची तरी शेळी ओरडली. मोदिसा उसळला आणि कडेचे टाके तुटले.

"अरे गाढवा, ती आपली नव्हे रे!" बसादीनं त्याला मिठीत आवळलं. शिव्या देता देताच तिला रडू फुटलं.

"थोडंच उसवलंय, म्मा," टाके पुन्हा घालत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आतून धरलंय."

पाय मोकळा झाला तेव्हा बसादीनं आधी डोळेच मिटून घेतले. मग हळूच हात लावला. कातडी ऊबदार होती.

पुढं त्या पायावर बरगडीचे पांढरे केस उगवले, तेही उलटे, वरच्या दिशेनं. गालालेत्सांग हसली, "पाय उलटा शिवलाय की काय?"

"उलटा का असेना, जमिनीला टेकतोय ना!"

थोडा लंगडत मोदिसा शेळ्यांमागं जाऊ लागला. बसादी मात्र अजूनही अधूनमधून माऊनला जाते. दवाखान्याच्या अंगणात कुणी घाबरलेलं, कुत्रं मांडीवर घेऊन बसलेलं दिसलं, की शेजारी टेकते आणि विचारते, "जेवलात का? तुम्ही आधी खा. धरायला मी आहे."