बारा दिवसांचं बीड

बटाल्याहून करतारपूरला निघताना सरमुख सिंगच्या पिशवीत लेव्हल होती, शिसवाच्या दोन सरळ पट्ट्या होत्या आणि बायकोने बांधून दिलेले मेथीचे पराठे. लेकीच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, म्हणून बाटलीसुद्धा घरूनच भरलेली.

"या भाईसाब," विहीणबाई दारातच म्हणाल्या, "तुमच्या लाडकीने आठ पलंग वाकडे केले."

लाडकी म्हणजे मशीन. लेक पालोच्या लग्नात सरमुखने फ्रिज दिला नाही, सोफा दिला नाही. रंधा, करवत, गिरमिट, सगळं एकाच सांगाड्यावर बसवलेलं लाकूडकामाचं मशीन दिलं, स्वतःच्या हाताने जुळवलेलं.

"आठ नाही बीजी, पाच," पालो आतून म्हणाली.

"बरं, पाच. उरलेले तीन तुझ्या माहेरी पाठवू."

जावई तरलोचन खाली मान घालून उभा होता. "भापाजी, फळी सरळ घालतो, बाहेर येते ती पिळवटलेली. गिऱ्हाइकं विचारतात, पिऊन रंधा मारतोस का?"

सरमुख गुडघ्यांवर बसला. बोल्ट सैल केले, चारही पाय लेव्हलमध्ये आणले, मग तिरके समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळत गेला. रंध्याच्या टेबलावर दोन टोकांना दोन पट्ट्या आडव्या ठेवून त्याने एक डोळा मिटला. दोन्ही कडा एका रेषेत दिसायला हव्यात. पलीकडची उजवीकडे वर उचललेली होती. दोन महिन्यांपूर्वी त्याने याच पायाखाली पत्र्याचा एक तुकडा सरकवला होता. आता दुसराही पुरेना.

का, ते त्याला ठाऊक होतं. मशीन जुळवण्याच्या कामात चाळीस वर्षं तो कारखान्याच्या मालकांशी याच एका गोष्टीवरून भांडत आला होता. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, बाजू भट्टीतून आल्या की अंगणात टाका, एक उन्हाळा, एक पावसाळा खाऊ द्या, आतला ताण निघाला की मग तासा, नाहीतर बीड नंतर पिळवटतं. ऐकलं नाही म्हणून दोन कारखाने त्याने सोडले होते. आणि पोटच्या पोरीच्या वेळी? तरलोचनची आजी अंथरुणाला खिळली, लग्न चार महिने अलीकडे आलं, मशीन मांडवात दिसायला हवं होतं. त्याने बारा दिवसांपूर्वी ओतलेलं बीड उचललं. "माझा हात आहे ना," असं बायकोला म्हणाला होता.

दुपारी तो गल्लीतल्या ओट्यावर बसून पराठे खाऊ लागला.

"आमच्या घरात विष शिजतं का?" विहीणबाई.

"रीत आहे, बहेनजी."

"रीत बरी सरळ ठेवता."

तिसरा पत्रा सरकवून त्याने बोल्ट आवळले, तशा त्या ओढणीला हात पुसत पुढे आल्या. "आता एकदाचं सांगा. खोट मशीनमध्ये की माझ्या पोरात? मशीनमध्ये असेल तर टेम्पो बोलवा. पालोलाही न्या सोबत, दुसरं मशीन घेऊन येऊ दे."

पालो पोळपाटावरून उठून दारात आली होती. पिठाचे हात तसेच.

"सरळ आहे," सरमुख म्हणाला. मग हळू आवाजात, "आता सरळ आहे."

"ऐकलंस?" विहीणबाई मुलाकडे वळल्या. "हात सुधार."

त्या आत गेल्यावर पालो मशीनपाशी वाकली. सहा वर्षांची असताना बापाच्या मांडीवरून ती अशीच बघायची आणि ओरडायची, "भापाजी, उजवीकडे उंच!" आज पट्ट्या एका रेषेत होत्या. तिने पायाखाली बोट फिरवलं. एक, दोन, तीन.

"किती दिवसांचं होतं?" तिने हळूच विचारलं.

"बारा."

अंगणात गंजत पडलेल्या बिडावरून उड्या मारत ती मोठी झाली होती. तिला पुढचं विचारावं लागलं नाही.

"पावसाळ्यात परत पिळवटेल?"

"त्याच्या आधीच."

तिने मूठभर भुसा उचलून पत्र्यांच्या कडा दिसेनाशा होईपर्यंत त्यांच्यावर दाबला.

तरलोचनने मशीन सुरू करून फळी घातली. बाहेर आलेली फळी त्याने डोळ्यासमोर धरली, उलटी केली, पुन्हा धरली. मग मशीन बंद करून सासऱ्याच्या पायाशी वाकला. "भापाजी, माफ करा. माझाच हात चुकत होता. मी उगाच तुमच्या कामाला नाव ठेवलं."

सरमुखने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग बाटली तोंडाला लावली; ती कधीच संपली होती. पालोने ती फळी नवऱ्याच्या हातातून घेतली, भिंतीला टेकवली आणि बापाकडे न बघता पोळ्या लाटायला गेली.