बारा मुलींचा एक ईसीजी

माझं अक्षर चांगलं, म्हणून चारकोपच्या आमच्या कबड्डी मंडळात फॉर्म भरायचं काम माझ्याकडे. लेक संघात चढाया करते, तर आईने एवढं तरी करावं, असं सगळ्यांचं म्हणणं. मलाही त्याचा अभिमान होता. आता ते अक्षर बघितलं की शिसारी येते.

त्या वर्षी निवड चाचणीसाठी नवा नियम निघाला. प्रत्येक मुलीचा ईसीजी जोडायचा. शेवटची तारीख उद्यावर आली तरी आमचे प्रशिक्षक निवांत.

"वहिनी, धडधाकट पोरी आहेत सगळ्या. एकीचा काढू, बाकीच्यांना झेरॉक्स. कोण बघतंय?"

दवाखाना आमच्याच गल्लीत, म्हणून माझ्या लेकीला पाठवायचं ठरलं.

मला हसू आलं. सांगायला लाज वाटते, पण आलं. रहिवासाचा दाखला असो की वयाचा, आपल्याकडे 'जमवून घेणं' हीच हुशारी, आणि मी स्वतःला फार हुशार समजत होते. डॉक्टर जेवायला गेलेले. तिथल्या बाईने कागद काढून हातात दिला, "सर येईपर्यंत थांबा" म्हणाली. आम्ही थांबलो नाही. कागदाच्या वरच्या बाजूला लेकीचं नाव, वय आणि त्याखालीच इंग्रजीत दोन ओळी छापलेल्या होत्या. त्या मी वाचल्या नाहीत. मला फक्त नाव झाकायचं होतं. त्या सगळ्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली, बारा झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येकीवर एकेका मुलीचं नाव लिहिलं. एकावर माझ्या लेकीचंही.

चाचणीच्या ठिकाणी डॉक्टरांनी बाराही कागदांवर धडाधड शिक्के मारले. बारा मुलींची हृदयं हुबेहूब सारखी चालतात, हे त्या भल्या माणसाला खटकलंसुद्धा नाही. प्रशिक्षकांनी मला टाळी दिली. "झकास काम, वहिनी!"

तीन आठवड्यांनी सरावात लेक चढाई करून परतताना मधल्या रेषेजवळ कोसळली. तिला कुणी हातही लावला नव्हता. शुद्धीवर आली तशी तिला रिक्षात घालून हॉस्पिटल गाठलं. तिथल्या हृदयाच्या डॉक्टर बाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. हृदयाचा स्नायू जाड झालाय, औषधं सुरू, कबड्डी बंद. मग त्यांनी विचारलं, "आधी कधी ईसीजी काढला होता?"

मी फाइलमधला मूळ कागद दिला. त्यांनी नखाने पट्टी सोलली.

"इथे मशीनने स्पष्ट छापलंय, अ‍ॅबनॉर्मल, डॉक्टरांना दाखवा. हे झाकलं कुणी?"

लेक शेजारीच बसली होती. मी म्हणाले, "मी."

घरी आल्यावर तिने कबड्डीचे बूट शांतपणे कपाटावर ठेवले. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी उरलेल्या अकरा मुलींच्या घरी गेले. तुमच्या पोरींची तपासणी झालेलीच नाही, खरी करून घ्या, म्हणून हात जोडले. दोघींच्या आयांनी ऐकलं. एक जण दारातच म्हणाली, "तुझ्या पोरीचा खेळ सुटला म्हणून आमच्या पोरींच्या मागे का लागलीस गं?" मला तिचा राग आला नाही. महिन्यापूर्वी मीही हेच बोलले असते.

काल प्रशिक्षक घरी आले. लेकीची चौकशी केली, चहा प्यायले आणि पिशवीतून एक कागद काढला.

"पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे, वहिनी. हिचा कागद आता चालायचा नाही ना. दुसऱ्या पोरीचा काढून आणलाय. तेवढी नावं टाका, तुमच्यासारखं अक्षर नाही कुणाचं."

या माणसाला मी चहा दिला होता. लेक आतल्या दारात उभी राहून बघत होती. मी कागद हातात घेतला. वरच्या बाजूला पांढरी पट्टी आधीच चिकटवलेली होती. मी ती नखाने सोलायला लागले.

"राहू दे ना, वहिनी," ते म्हणाले, "चांगली बसलीय."