चिंचपेटीखालचा गळा

ते चित्र अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. इंग्रजी अमदानीत मी लोणावळ्याला फौजदार होतो. वलवणच्या एका बड्या जमीनमालकाची बायको तलावात बुडून मेल्याची वर्दी आली. आम्ही पोहोचेपर्यंत दहन उरकलेले! एवढी घाई कसली, असे विचारले तर मालक हुंदके देऊ लागला. पुरावा काहीच नव्हता. अकस्मात मृत्यूची नोंद झाली.

महिन्याभराने तिची आई वराळ्याहून ठाण्यात आली. हवालदाराने बाकावर बसायला सांगितले, तरी ती उभीच राहिली.

"सायब, जावयानं लेकीची तसबीर लावलीया. गळ्यात लग्नातली चिंचपेटी काढलीया. ती तर माझ्यापाशी हाय!" पदराची गाठ सोडून तिने ती मोत्यांची चिंचपेटी माझ्या टेबलावर ठेवली. "दिवाळीला लेक ठिवून गेली. म्हनली, आये, त्यो गळा धरतो तवा मनी रुतत्यात."

ती तसबीर आणि ती काढणारा चित्रकार, दोघांनाही ठाण्यात आणायला मी हवालदाराला पिटाळले.

चित्रकार मुंबईला विलायती पद्धतीची तैलचित्रे शिकलेला, तुंगार्लीच्या एका बंगल्यात उतरलेला. बायकोचा फोटो नव्हता, म्हणून मालकाने दहनाआधी त्याला प्रेताशेजारी घटकाभर बसवून चित्र काढायला लावले होते; पुरे केले ते नंतर बंगल्यात. चारचौघांत दुःख मिरवायची हौस, दुसरे काय! तीच मालकाला भोवली.

मी चित्रकाराला खडसावले. तो चाचरत म्हणाला, "आम्ही आधी अंग रंगवतो, ते वाळल्यावर दागिने. गळा दिसला तसाच रंगवला होता. मालक म्हणाले, वर चिंचपेटी चढवा. मी घाबरलो, साहेब."

"मग उतरवा ती."

पंचांसमोर त्याने टर्पेंटाईनमध्ये बोळा भिजवला. चिंचपेटी चढवून आठवडाच झाला होता, दागिन्याचा रंग अजून ओला होता. मोती पुसले गेले आणि खाली बोटांचे काळेनिळे वळ दिसले. पंचांनी माना खाली घातल्या.

मालकाला आणून चित्रासमोर बसवले. त्या उघड्या गळ्याकडे बघत तो म्हणाला, "माहेरी जाते म्हनली. म्या जाऊ दिली न्हाई." मॅजिस्ट्रेटसमोर त्याने गळा दाबल्याची कबुली दिली. जन्मठेप झाली.

नोकरीत मी पुष्कळ खुनी पाहिले. पण मला खरा संताप येतो तो झाकणाऱ्यांचा. प्रेताला आंघोळ घालणाऱ्या बायकांनीही तो गळा पाहिलाच असणार.

खटल्यानंतर आई ते चित्र न्यायला आली. लेकीचा चेहरा आता तेवढाच उरला होता. चित्रकार हात जोडून म्हणाला, "मावशी, गळा नीट करून देतो."

"नगं," ती म्हणाली. "येकदा झाकला व्हता तुमी. आता दिसू दे समद्यांस्नी."