दीडशे यार्ड

मी छत्तीस वर्षे जमिनी मोजल्या. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत माझ्या साखळीखालून न गेलेला बांध विरळा. भावाभावांनी एकमेकांवर कोयते उगारले, तरी कुणाच्या भिडेने वीतभर फरक केला नाही. आयुष्यात एकदाच खोटे माप सांगितले. ते माझे स्वतःचे होते.

टोकावड्याच्या अलीकडे भातखाचरे सपाट करून गोल्फचे मैदान झाले. त्यात आमचीही दोन खाचरे गेली. मोजणी माझ्यामागून नोकरीत आलेल्या माणसाने केली. मी ती गुपचूप तपासली आणि ती बरोबर निघाली, याचे मला थोडे वाईट वाटले. जमीन देणाऱ्यांना आजीव सभासदत्वाचे कार्ड मिळाले. बहुतेकांनी ते देव्हाऱ्यात ठेवले. मी खेळायला गेलो. नवव्या होलचे ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, जिथे आहे, तिथे आमचे खळे होते. आपल्या खळ्यावर जाण्यासाठी बूट बदलावे लागतात, एवढाच काय तो फरक.

पत्नी गेल्यावर मी एकटा राहतो. मुलगा आणि सून ठाण्याला असतात. सुनेचे वडील, म्हणजे माझे व्याही, एका कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. ते वीस वर्षे गोल्फ खेळतात आणि एकवीस वर्षे त्याविषयी बोलतात. गेल्या दिवाळीनंतर ते निरोप घेऊन आले.

“व्याही, पंचाहत्तरी आली. घरात एकटे पडलात तर कळणार कुणाला?”

“पडल्यावर बघू.”

“ठाण्याला तुमची खोली तयार आहे. रंगसुद्धा दिलाय.”

“कोणता?”

“पिस्ता.”

“मग नकोच.”

त्यांनी युक्ती काढली. मी त्यांच्याबरोबर नऊ होल पायी पुरे करायचे, मैदानावरच्या बग्गीत न बसता, आपली पिशवी आपण वाहून. जमले तर खोलीचा विषय संपला. न जमले तर होळीच्या आत सामान बांधायचे. मुलाने फोनवर तत्काळ मान्यता दिली. निकालाविषयी त्याला शंका नव्हती.

माझ्याजवळ तोवर मैदानावरच्या उसन्या आयर्न, म्हणजे नंबर घातलेल्या लोखंडी पानाच्या काठ्या, होत्या. स्वतःच्या घ्यायच्या म्हणून व्याही मला ठाण्याच्या दुकानात घेऊन गेले. तिथल्या जाणकाराने माझ्यासमोर दोन संच मांडले. एकाचे बूड रुंद, पाठीला पोकळी. दुसऱ्याचे पान पातळ, सुबक, विळ्यासारखे.

“सर, तुमच्यासाठी हा पहिला. फर्गिव्हिंग आहे. फटका जरा चुकला तरी सांभाळून घेतो.”

मला कुणी सांभाळून घेण्याची गरज नव्हती. आमच्याकडे हत्यार पारखण्याची रीत ठरलेली आहे: पान पातळ हवे, वजन पुढे हवे, नखाने टिचकी मारली तर नाद आला पाहिजे. मी दोन्ही संचांना टिचक्या मारल्या. दुकानातली माणसे पाहू लागली. पातळ पानाचा नाद उत्तम होता.

मग त्याने माझ्या मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर घेतले आणि विचारले, “सात नंबरची किती जाते, सर?”

व्याही शेजारी उभे होते.

“दीडशे यार्ड,” मी म्हणालो.

व्याह्यांनी भुवया उंचावल्या. जाणकाराने ते लिहून घेतले आणि त्या ताकदीच्या माणसाला शोभणारे कडक दांडे सुचवले. त्याने यंत्रासमोर दोन फटके मारून बघायला सांगितले. खांद्याचे कारण देऊन मी ते टाळले. मागाहून व्याह्यांनीही स्वतःसाठी नवा संच घेतला. त्यांना किती यार्ड विचारले आणि त्यांनी काय सांगितले, ते मी ऐकले नाही. मी दारात बूट घालत होतो.

घरी आल्यावर कापणी झालेल्या खाचरात फटके मारले आणि फीत लावली. एकदा सत्तर. एकदा नव्वद. एकदा चेंडू जागेवरच राहिला आणि ढेकूळ तीस गेले. दांडे हातात वाकत नव्हते, चेंडू वर उठत नव्हता, आणि प्रत्येक फटक्याला पानाचे टोक मातीत रुतत होते. पंधरा दिवस हेच चालले. सामन्याला आठवडा उरला, तेव्हा संच पोत्यात गुंडाळून मी टोकावड्याच्या लोहाराकडे गेलो.

हा लोहार विळा देण्याआधी गिऱ्हाइकाला वाकायला लावतो. समोर भात आहे असे समजून हवेत चार मुठी कापायच्या. माणूस किती वाकतो, मनगट कुठे फिरते, हे बघून तो पानाची मान वळवतो. इथे बढाई मारून उपयोग नसतो. तो विचारत नाही, बघतो.

“भाऊसाहेब, ह्यानं काय कापायचं?”

“काही नाही. चेंडू मारायचा.”

“मारा.”

मी भात्यासमोर उभा राहून फटका मारला. रस्त्याने गवताचे भारे घेऊन चाललेल्या दोन बायका थांबल्या.

“काय गो, भाऊसाहेब काय करतान?” एकीने विचारले.

“साप हाय वाटतं,” दुसरी म्हणाली.

लोहार हसला नाही. “तुमी वाकत नाय, भाऊसाहेब. ताठ उभं ऱ्हाता, मंग टोक रुतनारच. ज्यानं ह्या बनवल्या त्याला वाटलं, वाकनारा मानूस हाय.”

त्याने एका पानावर कानस फिरवली आणि तोंड वाकडे केले. “मऊ लोखंड. कितीला घेतल्या ते सांगू नका. ह्याला धार नाय धरायची.”

“म्हणजे वाया?”

“वाया कशाला? मऊ हाय म्हनून वळंल. कडक असती तर मानंत तुटली असती.”

त्याने पान गोणपाटात गुंडाळून शेगड्याच्या पकडीत आवळले आणि पहारेने मान थंडच वळवली. मग मला मारायला लावले, पुन्हा वळवली. सात आणि नऊ नंबरच्या एवढ्या दोनच त्याने दुरुस्त केल्या. बाकीच्यांकडे बघून म्हणाला, “ह्या मोठ्या दांड्याच्या तुमच्या कामाच्या नाय. आनि हात खाली धरा, मुठीच्या बुडाशी. दांडा कडक वाटायचा नाय.” दुकानातल्या जाणकाराला माझ्याविषयी जे कळले नव्हते, ते लोहाराला आठ-दहा फटक्यांत कळले. अर्थात जाणकाराशी मी खोटे बोललो होतो.

सामन्याच्या दिवशी माझ्या पिशवीत दोन आयर्न होत्या आणि ग्रीनवर चेंडू ढकलण्याचा एक पटर. व्याह्यांच्या पिशवीत चौदा काठ्या. पहिले तीन होल त्यांनी मला सल्ले दिले. चौथ्यावर ते स्वतःच्या आयर्नशी बोलू लागले. सातव्यावर त्यांचा गुडघा धरला आणि ते बग्गीत बसले. अट फक्त माझ्यासाठी होती. मी चालत राहिलो. चेंडू ऐंशी-नव्वद यार्डांच्या टप्प्यांनी, पण सरळ जात होता. सरळ रेषेत चालण्याची मला सवय आहे.

नवव्या ग्रीनवर चेंडू भोकात पडला तेव्हा एक्क्याऐंशी फटके झाले होते. जाणकार माणूस ते छत्तीसांत उरकतो. खळ्याच्या जागी मी उभा राहिलो. ज्या दगडाला आम्ही मळणीच्या खांबाची मेढ टेकवत असू, तो अजून गवतातून डोके काढून आहे.

व्याही बग्गीतून उतरले. “सातवी दीडशे जाते म्हणाला होतात.”

“नव्वद.”

“मग दुकानात?”

“तुम्ही शेजारी होतात.”

ते बराच वेळ हातमोजा काढत राहिले. “माझी एकशे दहा,” शेवटी म्हणाले. “मी एकशे सत्तर सांगितली.”

आम्ही दोघे त्या दगडावर बसलो. तो दोन माणसांना पुरतो.

“मुलीला काय सांगू? ती वाट बघत असेल.”

मी अट जिंकलो होतो. नुसते ‘संपला विषय’ म्हटले असते तरी चालले असते.

“रंग बदलायला सांगा,” मी म्हणालो. “उन्हाळ्यात आठ दिवस येईन.”

खोलीला आता पांढरा रंग आहे. मी नऊ दिवस राहिलो. हे माप बरोबर आहे.